चीक

मंगळवारी भर दुपारी
हिंजवडीहून ती खोकं घेऊन आली, रिक्षाने.
खोक्यात मग, चार्जर, मानेखाली घ्यायची उशी
आणि चहाच्या कपाएवढ्या कुंडीत
बोटभर निवडुंग.
काय झालं, हे मी विचारलं नाही.
विचारलं ते असं :
"हे कुत्र्याला चालतं का?"

तोवर खारी हुंगून मोकळी.
खारी आमची कुत्री.
बोपोडीत बेकरीच्या मागे सापडली तेव्हा
तोंडात जे होतं तेच नाव पडलं.
चप्पल, साबणाची वडी, रेशनकार्डाचा कोपरा,
एकदा माझी खालची कवळी :
खाता न येणारी वस्तू जगात असते
हे तिला मान्यच नाही.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
छत्तीस वर्षं तपासनीस.
हाताळण्यास धोका नाही, असं लिहून
खाली सही करायचो.
अजून घरात आलेली कुठलीही वस्तू
आधी उलटी करून बघतो.

औंधच्या डॉक्टरीणबाई तुंगारे फोनवर,
मागे कुणाचं तरी मांजर कोकलत होतं :
"आजोबा, खरा निवडुंग असेल तर विष नाही.
काटे तेवढे. नाकात जातील, जिभेत जातील.
डोळ्यात गेला तर मात्र थांबू नका, निघा.
पण आपण सगळ्यालाच निवडुंग म्हणतो ना!
कुंपणाला लावतात तो त्रिधारी वेगळा,
शेराचा भाऊबंद, त्याचा चीक वाईट.
टोचून बघा.
पाणी आलं तर ठेवा.
दूध आलं तर द्या कुणाला,
ज्याच्याकडे कुत्रं नाही अशाला."

म्हणजे ठेवून घ्यायचं की नाही हे कळायला
आधी जखम करायची.

रात्री दहा वाजता,
ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली, निदान तशी दिसणारी,
मी गोधडीची सुई काढली.
चष्मा पुसला.
रागावू नकोस बाबा, म्हटलं, आणि टोचली.

काहीच आलं नाही.
मग एक थेंब.
ट्यूबलाइटखाली मान वाकडी केली तेव्हा दिसला.
पांढरा नव्हता.

"बाबा, काय करताय त्याला?"
दारात शलाका.
"तपासतोय."
"चार वर्षं माझ्या टेबलावर होता तो."
"तिथे कुत्रं नव्हतं."
ती हसली. हवं त्यापेक्षा जास्त वेळ हसली,
आणि मधेच थांबली.

शनिवारी व्हायचं ते झालंच.
स्टुलावर ठेवलेला, स्टूल पडलं,
खारी नाकाने बघायला गेली.
तिचं डोकं शलाकाच्या मांडीवर,
भुवयांचा चिमटा माझ्या हातात,
टॉर्च दातांत, म्हणजे कवळीत.
एक. दोन. तिसरा तुटला, पुन्हा धरला.
खारी थरथरत होती, पण चावली नाही.
बारीक लव राहिली ती चिकटपट्टी लावून उपटायची,
हे शलाकाला ठाऊक होतं, कुठून कुणास ठाऊक.

तेव्हा ती बोलली. माझ्याशी नाही,
खारीच्या कानाशी :
"तेहतीस जणांना काढलं गं एकदम.
सकाळी सव्वानऊला मेल आला.
मी डबा भरून घेतला होता, भेंडीची भाजी.
तो मी तिथेच टाकला, घरी कसा आणणार!"
पाचवा.
माझ्या तोंडात टॉर्च होता.
नसता तर मी काहीतरी बोललो असतो,
होईल सगळं नीट, वगैरे.
मी उजेड हलू दिला नाही, एवढंच.
सहावा तिनेच काढला, नखाने.

आता तो फ्रिजवर असतो,
खारी खालून बघते, आणि शेपूट हलवते,
जणू मधलं काही घडलंच नाही.
शलाका सकाळी त्याला चमच्याने पाणी घालते,
मग लॅपटॉप उघडून बसते, कधी बंद करून बसते.

सुई टोचली तिथे तपकिरी ठिपका धरलाय.
तो जातो की राहतो
हे डॉक्टरीणबाईंना विचारायचं राहिलं.